कॉफी उकळू नका, उतरू द्या

गंगापूर रोडला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "आमच्या घरात कॉफीच्या दोन तऱ्हा आहेत. मी आणि सासूबाई दुधाची, जायफळ घातलेली कॉफी पितो. मुलगा चार वर्षं बंगळुरूला आहे, तो आला की बिनदुधाची काळी मागतो. हौसेनं स्टीलचा फिल्टर आणला. पहिल्या पावडरीचं डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, उतरायला दोन-दोन तास लागायचे. म्हणून दुसरी पावडर आणली, तर ते पाच मिनिटांत खाली आणि चवीला पाणी. सासूबाई म्हणतात, त्यापेक्षा आपली पातेल्यात उकळलेलीच बरी. कोणती पावडर घेऊ? की सरळ मशीनच घेऊन टाकू?"

ताई, मशीन आत्ता घेऊ नका. तुमची अडचण पावडरीच्या नावात नाही आणि फिल्टरमध्येही नाही. मी गेली चौदा वर्षं नाशिकमध्ये कॉफी भाजतो आणि विकतो. या काळात अनेकांच्या ओट्यापाशी उभं राहून त्यांची कॉफी बघितली आहे. आपल्याकडे कॉफी बिघडते ती बहुतेक वेळा एकाच कारणानं: आपण ती चहासारखी करतो.

आपला रोजचा चहा सीटीसी पत्तीचा. चुरडून, फाडून, गोळी वळलेली ती पत्ती दुधात उकळायलाच बनलेली असते. उकळताना सुटणारा तुरटपणा दुधातली प्रथिनं धरून ठेवतात, म्हणून खळाखळा उकळलेला चहा कडक लागतो, तरी घशाला ओरखडत नाही. कॉफीचं गणित वेगळं आहे. भाजलेल्या बीचा वजनानं साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो, पण त्यातला हवासा भाग १८ ते २२ टक्क्यांपर्यंतच निघून येतो. आधी आंबट आणि किंचित खारट, मग गोडवा, आणि शेवटी कडवट, ओल्या लाकडासारखी चव. पातेलं उकळत ठेवलं की तो शेवटचा भाग निघत राहतो, आणि वास मात्र वाफेबरोबर उडून जातो. घरभर घमघमाट सुटला की वाटतं, आज कॉफी छान झाली. तो वास पेल्यात राहायला हवा होता.

काही जण तुर्की कॉफीचं उदाहरण देतात. तीही खळाखळा उकळत नाहीत. फेस वर आला की भांडं लगेच आचेवरून उचलतात.

मग सासूबाईंची पातेल्यातली कॉफी चांगली का लागते? कारण त्या बहुधा इन्स्टंट पावडर घालत असणार. इन्स्टंट म्हणजे कारखान्यात आधीच उतरवलेली आणि मग वाळवलेली कॉफी. स्वित्झर्लंडमध्ये १९३८ साली नेसकॅफे बाजारात आली आणि तिथून ही पद्धत जगभर गेली. त्या पावडरीतून नव्यानं कडवटपणा निघण्यासारखं काही उरलेलंच नसतं, त्यामुळे ती उकळली तर फार तर थोडा वास जातो. त्यामुळे त्यांचं म्हणणं त्यांच्या पावडरीपुरतं अगदी बरोबर आहे. फक्त तीच रीत फिल्टरच्या पावडरीला लावली की घोटाळा होतो. या दोन पूर्ण वेगळ्या वस्तू आहेत आणि दुकानात त्या एकाच फळीवर शेजारी ठेवलेल्या असतात, हे मला नेहमी खटकतं.

आता तुमच्या दोन पावडरींकडे येऊ. दोन्ही पाकिटं पुन्हा हातात घ्या आणि त्यांच्यावर चिकोरीचं प्रमाण किती लिहिलंय ते वाचा. चिकोरी असेल तर तिची टक्केवारी पाकिटावर छापावीच लागते, आणि आपल्या नियमांप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते. म्हणजे ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी असलेली पावडर कायदेशीरपणे विकता येते. चिकोरी हे एका झाडाचं मूळ. आपल्याकडे ते मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकतं. मूळ वाळवून, भाजून, दळून कॉफीत मिसळतात. तिच्यात कॅफिन अजिबात नसतं, पण ती कॉफीपेक्षा कितीतरी जास्त विरघळते, रंग गडद करते आणि पाणी प्याली की फुगते. फुगली की फिल्टरची भोकं बुजतात आणि थेंब खाली यायला तयार होत नाही. तुमची दोन तासांची पावडर बहुधा चाळीस टक्क्यांच्या पुढची असणार. आणि पाच मिनिटांत उतरलेली बिनचिकोरीची, थोडी जाड दळलेली असणार. पावडर बदलली की दळणही बदलायला लागतं आणि मापही, हे आपल्याला कुणी सांगतच नाही.

चिकोरी वाईट नाही, हेही सांगून ठेवतो. हल्ली तिला नावं ठेवण्याची पद्धत पडली आहे. दूधवाल्या कॉफीत १५-२० टक्के चिकोरी दाटपणा आणते, डिकॉक्शन दुधाखाली दबू देत नाही. माझ्या स्वतःच्या घरी सकाळच्या पहिल्या कपात ती असते. ३० टक्क्यांच्या वर गेली की मात्र कॉफीची चव हरवते आणि जळक्या गुळाची चव पुढे येते.

फिल्टर लावायचा कसा, ते आता सावकाश सांगतो, कारण खरी गंमत इथेच आहे. दोन मोठे कप कॉफीसाठी २० ग्रॅम पावडर घ्या. काट्यावर मोजून घ्या, चमच्यानं नको. गडद भाजलेली बी फुगून हलकी होते, हलकी भाजलेली घट्ट आणि जड राहते, त्यामुळे एकाच चमच्यात दोन पावडरींचं वजन वेगवेगळं भरतं. आधी फिल्टरचे दोन्ही भाग गरम पाण्यानं खंगाळा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे ओट्यावरची स्टीलची भांडी बर्फासारखी गार असतात, आणि गार भांडं पाण्याचे चार-पाच अंश तिथल्या तिथे खाऊन टाकतं.

वरच्या भांड्यात पावडर घाला, हलवून सपाट करा, दांडीच्या चकतीनं अलगद दाबा. अलगद म्हणजे पुरणपोळीच्या उंड्याला पहिल्यांदा हात लावतो तितकंच. चकती तशीच वर राहू द्या. पाणी उकळलं की गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबा. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंचावर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. अर्ध्या मिनिटात ते ९५ च्या जवळ येतं आणि ते कॉफीला अगदी योग्य. आता पावडर जेमतेम भिजेल इतकंच पाणी गोल फिरवत घाला, साधारण ३०-४० मिली. आणि थांबा. ताजी पावडर असेल तर ती श्वास घेतल्यासारखी वर उचलली जाईल, चकतीच्या कडेनं बारीक बुडबुडे येतील. भाजताना बीमध्ये कोंडलेला कार्बन डायऑक्साइड तो. तो आधी बाहेर पडला नाही तर पाणी कणांच्या आत शिरत नाही. बुडबुडे आलेच नाहीत, तर पावडर शिळी आहे असं समजा. दुकानदारानं कितीही ताजी म्हणून सांगितली तरी.

अर्ध्या-पाऊण मिनिटानं आणखी शंभर मिली पाणी घाला, झाकण ठेवा आणि तिथून निघून जा. पंधरा ते पंचवीस मिनिटांत डिकॉक्शन उतरायला हवं. खालच्या भांड्यात मधासारखं दाट नाही, पण पेल्याच्या कडेला लालसर तपकिरी थर सोडणारं. त्याहून लवकर उतरलं तर दळण बारीक करा. अर्धा तास उलटून गेला तर जाड करा.

मधेच थेंब थांबले तर आधी वरचं भांडं किंचित उचलून परत ठेवा. वरचं भांडं खालच्यात घट्ट बसलं की आतल्या हवेला वाट उरत नाही, आणि ती हवाच डिकॉक्शनला वर रोखून धरते. जरा सैल केलं की थेंबांची माळ पुन्हा सुरू होते. तरीही अडलं, तर भोकं बुजलेली असतात. वरचं भांडं रिकामं, कोरडं करून बूड मिनिटभर गॅसच्या ज्योतीवर धरा, अडकलेला तेलकट चोथा जळून जातो, मग घासून घ्या. स्टील आणि पितळ, दोन्हींना हे चालतं. कुठे प्लॅस्टिकची मूठ असेल तर करू नका.

पाण्याबद्दल बोलायलाच हवं, कारण मी स्वतः त्यात फसलो आहे. काम सुरू केलं त्या पहिल्या वर्षी मी पाण्याचा मोठा फिल्टर बसवून सगळी कॉफी आरओच्या पाण्यात करायला लागलो. शुद्ध पाणी, शुद्ध चव, असं मनात होतं. कॉफी सपक आणि आंबट व्हायला लागली. मी बिया बदलल्या, भाजणी बदलली, महिनाभर दळणाशी झटापट केली. शेवटी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेन आणलं, तर आरओच्या पाण्याचा आकडा तीसच्या आसपास. चव उतरवायला पाण्यात थोडं कॅल्शियम, मॅग्नेशियम लागतं, आणि ते मी पैसे खर्चून काढून टाकत होतो. जगभरचे कॉफीवाले साधारण १५० टीडीएसचं पाणी चांगलं मानतात, ७५ ते २५० पर्यंत निभावतं.

महापालिकेचं गंगापूर धरणाचं पाणी माझ्याकडे या पट्ट्यात बसतं. ते गाळून, एकदा उकळून वापरा, आरओची गरज नाही. सोसायटीत बोअरचं पाणी मिसळत असतील तर गोष्ट वेगळी. आपल्या काळ्या पाषाणातलं बोअरचं पाणी जड असतं, त्यात कॉफीचा आंबटगोडपणा मरतो आणि खडूसारखी चव मागे राहते. अशा घरी अर्धं आरओ, अर्धं नळाचं असं मिसळून बघा. पेन दोन-तीनशे रुपयांना मिळतं. कोणत्याही महाग पावडरीपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल.

आता तुमचा मूळ प्रश्न: कोणती पावडर? आधी स्वतःला विचारा, दूध घालणार की नाही. बाकी सगळं त्यावर ठरतं. दुधाच्या कॉफीला हलक्या भाजणीच्या, फुलांचा वास असलेल्या महागड्या बिया घेऊ नका. तो सगळा नाजूकपणा दुधाखाली बुडून जातो आणि उरतो तो फक्त आंबटपणा, तो दुधात फाटल्यासारखा लागतो. दुधासाठी मध्यम ते गडद भाजणी आणि अरेबिकात थोडी रोबस्टा हवी; या कॉफीच्या दोन मुख्य जाती. रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट, चव जाड आणि मातकट, आणि दुधाला तीच तोंड देते. काळ्या कॉफीला मात्र निव्वळ अरेबिका, मध्यम किंवा त्याहून किंचित हलकी भाजलेली.

पाकिटावरची नावं वाचायला शिका, ती दिसतात तितकी अवघड नाहीत. भारतीय कॉफीत 'प्लांटेशन' म्हणजे फळाचा गर काढून, धुऊन वाळवलेली अरेबिका, चव स्वच्छ. 'चेरी' म्हणजे अख्खं फळच उन्हात वाळवून मग बी काढलेली, चव जरा भरड आणि फळाची. धुतलेल्या रोबस्टाला 'पार्चमेंट' म्हणतात. त्यापुढची ए, बी ही अक्षरं आकाराची. निर्यातीची द्राक्षं आपण जशी मण्याच्या मिलिमीटरवर निवडतो, तशा बिया चाळण्यांवर निवडल्या जातात. पीबी म्हणजे पीबेरी: फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी धरते ती. आणि 'मॉन्सून्ड मलबार' म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळी वारा मुद्दाम लागू देऊन फुगवलेली बी. तिचा आंबटपणा जवळजवळ जातो. ज्यांना कॉफीतला आंबटपणा सोसतच नाही, त्यांना मी हीच देतो.

देशातली बहुतेक कॉफी कर्नाटकातून येते, चिकमगळूर आणि कोडगूमधून. बाबा बुदन नावाचे सूफी संत सतराव्या शतकात यात्रेहून परतताना येमेनच्या मोखाहून सात बिया घेऊन आले, असं तिकडे परंपरेनं सांगतात, आणि चिकमगळूरच्या त्या डोंगरांना आजही त्यांचंच नाव आहे. आपल्या महाराष्ट्रातही कॉफी होते, हे मात्र पुष्कळांना माहीत नसतं. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत, कधी गेलात तर जरूर बघा. आणि एक योगायोग मला फार आवडतो: कर्नाटकात कॉफीची तोड नोव्हेंबरला सुरू होऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते, आणि आपल्याकडे त्याच काळात दिंडोरी-निफाडला द्राक्षांची धांदल असते. नव्या पिकाच्या बिया उन्हाळ्याच्या सुमारास भाजणाऱ्यांच्या हातात पडतात.

कोणत्याही छापाच्या पाकिटावर मी पहिल्यांदा भाजल्याची तारीख बघतो, मुदत संपण्याची नाही. भाजून पाच दिवस ते महिनाभर हा बियांचा चांगला काळ. दळली की मात्र वास तासाभरात उतरणीला लागतो. म्हणून शक्य असेल तर बी घ्या आणि घरी दळा. हातानं फिरवायचा, पात्यांऐवजी दात असलेला ग्राइंडर मिळाला तर उत्तम. मशीनसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतला थोडा भाग त्याच्यावर घाला.

तोवर घरचा मिक्सर चालेल. चटणीचं छोटं भांडं घ्या. आधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्या, म्हणजे मिरची-लसणाचा वास निघेल. मग बिया घालून तीन-तीन सेकंद, थांबत थांबत फिरवा, प्रत्येक वेळी भांडं हलवून. सलग फिरवलं तर पावडर तापते आणि पिठूळ होते. जाडी आपल्या स्वयंपाकघरातल्या मापानं सांगतो: स्टीलच्या फिल्टरला बारीक रव्याहून जरा बारीक, फ्रेंच प्रेसला (जाळीचा दट्ट्या असलेलं कॉफीचं भांडं) लापशीच्या रव्याइतकं जाड. मिक्सरच्या दळणात धूळ फार होते, ती चहाच्या बारीक गाळणीतून चाळून काढली तर निम्मा कडवटपणा तिथेच जातो. पावडर घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधारात ठेवा. फ्रिजमध्ये नको. डबा बाहेर काढला की आत दव धरतं, आणि शेजारच्या आलं-लसणाचा वासही कॉफी ओढून घेते.

आता जायफळाची कॉफी. लग्नाच्या बैठकीत, पाहुणे आले की, उपासाच्या दिवशी, आपल्या घरांतून वर्षानुवर्षं चालत आलेली ही कॉफी आहे आणि तिचा मला मनापासून अभिमान वाटतो. कॅफेंच्या यादीत दालचिनी असते, हेझलनट असतं, जायफळ कुठे दिसत नाही. ही कॉफी फिल्टरच्या डिकॉक्शनची करून बघा. एक भाग डिकॉक्शन, अडीच भाग दूध. दूध म्हशीचं असेल तर डिकॉक्शन थोडं जास्त, कारण म्हशीच्या दुधात साडेसहा-सात टक्क्यांच्या आसपास फॅट असतं आणि ती चव झाकते. दूध नुकतं वर आलं की उतरवा. पुनःपुन्हा तापवलेल्या दुधाला तो शिजका वास येतो आणि तो कॉफीत लपत नाही. साखर दुधात विरघळवून घ्या.

जायफळ पावडरीचं नको, अख्खं घ्या. सहाणेवर दुधाच्या दोन थेंबांत चार वळसे, किंवा बारीक किसणीवर दोन-तीन घासे. एका कपाला मोहरीच्या चार-पाच दाण्यांएवढं पुरे. वाटीत आधी जायफळ, त्यावर गरम दूध, शेवटी डिकॉक्शन. जायफळाचा वास उडून जाणारा आहे, पातेल्यात उकळलं तर मागे फक्त कडसरपणा राहतो. आणि हात सैल सोडू नका, जायफळ जास्त झालं तर गुंगी येते, पोटातही ढवळतं. जायफळ आणि चिकोरी एकत्र मला आवडत नाहीत, दोन जड चवी एकमेकींना ढकलतात. या कॉफीला चिकोरी १० टक्के किंवा अजिबात नाही. आणि सासूबाईंना डिकॉक्शनची चव परकी वाटली, तर त्यांची इन्स्टंटच ठेवा, फक्त जायफळ वरून घाला. त्यांना फरक पहिल्याच घोटात कळेल.

मुलासाठी फ्रेंच प्रेस घ्या, स्वस्त आणि सोपा आहे. एक लिटर पाण्याला ६० ग्रॅम हे माप, म्हणजे २५० मिलीच्या मगाला १५ ग्रॅम. सगळं पाणी एकदम घाला, चार मिनिटं हात लावू नका. वर साय आल्यासारखा थर जमतो. तो चमच्यानं तीन वेळा ढवळून मोडा, राहिलेला फेस काढून टाका आणि आणखी पाच मिनिटं थांबा. कण खाली बसतात. जाळी फक्त पृष्ठभागापर्यंत आणा, तळापर्यंत दाबू नका, दाबलं की बसलेला गाळ पुन्हा उठतो.

काळी कॉफी नेमकी कुठे चुकते ते ओळखायचा एक प्रयोग सांगतो, तुम्ही दोघांनी मिळून करा. फिल्टरमधून उतरणारं डिकॉक्शन तीन वाट्यांत धरा: पहिला एक-तृतीयांश भाग एकीत, मधला दुसरीत, शेवटचा तिसरीत. थोडं गरम पाणी घालून एकेक चाखा. पहिली वाटी तीव्र, आंबट. मधली गोडसर. शेवटची पातळ आणि कडवट. जिभेला हे एकदा कळलं की पुढे कुणाला विचारायला नको. कॉफी कच्च्या द्राक्षासारखी आंबट लागली, तर चव कमी उतरली: बारीक दळा, किंवा पाणी जास्त गरम घ्या. घशाशी कोरडी, कडू लागली तर जास्त उतरली: जाड दळा, वेळ कमी करा.

आपल्याकडे तर मोजायचं साधनही घरोघर आहे. दिंडोरीकडचे माझे एक बागायतदार मित्र कडू-पाणचट कॉफीची तक्रार घेऊन आले होते. द्राक्षाची गोडी मोजायचा ब्रिक्सचा रिफ्रॅक्टोमीटर त्यांच्या खिशातच होता. त्यांनी घरून थर्मासमध्ये आणलेली काळी कॉफी थंड करून एक थेंब काचेवर टाकला: एकच्याही खाली. मग त्यांचीच पावडर मोजून घेऊन माझ्याकडे केली, तेव्हा रेघ दीडच्या आसपास आली. ब्रिक्सच्या आकड्याला ०.८५ नं गुणलं की कॉफीत विरघळलेल्या भागाची टक्केवारी अंदाजे मिळते, आणि चांगली काळी कॉफी १.१५ ते १.४५ टक्क्यांत बसते. त्यांची पावडर चांगलीच होती, फक्त ती निम्मी पडत होती. आणि कमी पावडरीतून जास्त पाणी काढलं की कॉफी एकाच वेळी पातळही होते आणि कडूही.

मशीनबद्दल एवढंच, की एस्प्रेसोला नऊ बारचा दाब तर लागतोच, पण त्याआधी अगदी नेमकं बारीक दळण लागतं. ते देणारा ग्राइंडर मशीनइतकाच महाग असतो. ग्राइंडरशिवाय आणलेली मशीन्स माळ्यावर गेलेली मी पाहिली आहेत. कडक दुधाची कॉफीच हवी असेल तर मोका पॉट बघा, १९३३ पासून इटलीतल्या घरांत चालत आलेलं भांडं. खालच्या भागात आधीच तापवलेलं पाणी घाला, पावडर दाबू नका, छोट्या बर्नरवर मंद आच ठेवा. फुरफुर सुरू झाली की लगेच उतरवून बूड नळाखाली धरा. ते ॲल्युमिनियमचं असेल तर इंडक्शनवर चालणार नाही, घेताना विचारून घ्या.

सासूबाईंसाठी दोन गोष्टी. जेवणाबरोबर कॉफी घेतली तर अन्नातलं लोह कमी लागू होतं, म्हणून जेवण आणि कॉफी यांत चांगलं अंतर ठेवा. आणि कोलेस्टेरॉलचा त्रास असेल तर फ्रेंच प्रेसची कॉफी रोज नको. बियांतल्या तेलातले काही घटक ते वाढवतात आणि जाळीतून ते तसेच पेल्यात येतात. कागदी फिल्टरमध्ये ते बरेचसे अडतात. बाकी, निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत हरकत नाही असं मानतात, म्हणजे घरचे तीन-चार कप. झोप लागत नसेल तर दुपारी तीननंतरचा कप आधी सोडा.

आता खरेदी. मुलगा पुढच्या खेपेला येईल तेव्हा त्याला बंगळुरूहून अर्धा किलो बिया आणायला सांगा, न दळता: २५० ग्रॅम प्लांटेशन ए, मध्यम भाजलेली, त्याच्यासाठी, आणि २५० ग्रॅम पीबेरी, गडद भाजलेली, तुमच्यासाठी. रोबस्टा इथे चार दिवसांनी थोडी मिसळून बघू. भाजल्याची तारीख आठवड्याच्या आतली हवी, नसेल तर त्याला दुसऱ्या दुकानात जायला सांगा. तोपर्यंत घरातली ती पाच मिनिटांत उतरणारी पावडर टाकू नका. मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात ती दोन वेळा तीन-तीन सेकंद फिरवा, २० ग्रॅम मोजा आणि उद्या सकाळी पुन्हा लावा. उतरायला किती मिनिटं लागली, ते मला कळवा.